खुली लाइन

सांगलीच्या एस.टी. स्टँडवर भडंग खात उभा असताना एका अनोळखी माणसाने माझी स्तुती केली आणि तिथून सगळं बिघडत गेलं. तोपर्यंत ते वर्ष छान चाललं होतं. त्या वर्षी मी प्रत्येक बाबतीत बरोबर होतो. एखाद्याला ताप यावा तसा मला बरोबरपणा आला होता आणि तो उतरत नव्हता. कऱ्हाडच्या कॉलेजातून इंजिनियर होऊन मी साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात शेतीपंपाच्या मोटरी डिझाइन करत होतो. कागदावर माझी मोटर इतकी थंड चालायची की तिच्या अंगावर शाल टाकावी असं वाटे. त्या सकाळीही मी सांगलीत एका उपसा सिंचन सोसायटीच्या अध्यक्षांना, लालासाहेबांना, माझी आकडेमोड ऐकवून आलो होतो. लालासाहेबांनी ती डोळे मिटून ऐकली, बहुतेक झोपेत, आणि शेवटी म्हणाले की आकडे त्यांना कळत नाहीत, त्यांना हात कळतो. पुढच्या महिन्यात ते साताऱ्याला येणार, मोटर दिवसभर पूर्ण भारावर चालवायची, संध्याकाळी ते तिच्यावर तळहात ठेवणार. टिकला तर सोसायटीच्या सगळ्या मोटरी आमच्या. मी छातीवर हात ठेवून हो म्हणालो. माझी छाती तेव्हा मोटरइतकीच थंड होती.

तर भडंग. माझ्या खांद्यावर कारखान्याचं नाव रंगवलेली कॅनव्हासची पिशवी होती. ती बघून पागोटंवाले एक गृहस्थ जवळ आले आणि तुमी मोटरवालं न्हवं का, असं त्यांनी विचारलं. ते पलूसजवळचे तात्याबा. आमची मोटर त्यांनी गेल्या साली घेतली होती. आता तक्रार येणार म्हणून मी तोंड इंजिनियरचं केलं, तर ते म्हणाले, “लय गुणाची मोटर दिली सायब तुमी. पाणी तर वडतीच, वर दूध बी तापवती. थंडीत आमची कोंबडी तिच्याशेजारी पाटीत बसती. औंदा येक अंडं वाया गेलं न्हाई बगा.”

मी हसलो. हसताना एक शेंगदाणा दाढेखाली आला आणि तो मला फार मोठ्याने फुटल्यासारखा वाटला. माझ्या आयुष्यात कुणी इतक्या मनापासून माझं कौतुक केलं नव्हतं आणि त्यातला शब्दन्‌शब्द माझ्या विरुद्ध होता. मोटर तापते म्हणजे वीज वाया जाते. जी पाण्यात जायची ती दुधात जाते, कोंबडीत जाते, पिल्लांत जाते. विहिरीतून उसाला पाणी द्यायला मी जे यंत्र काढलं, ते पलूसच्या शिवारात कुक्कुटपालन करत होतं. मी साताऱ्याच्या गाडीचं तिकीट खिशात ठेवून तात्याबांबरोबर पलूसच्या गाडीत बसलो. त्यांना वाटलं, साहेब पिल्लं बघायला येतायत.

विहिरीच्या कडेला पत्र्याची खोपी, खोपीत मोटर, मोटरीशेजारी पाटी, पाटीत कोंबडी. तात्याबांची बायको मनुबाई माझ्याआधी आत शिरली आणि कोंबडीला उठवू नगा, म्हणाली. माझी मोटर चालू होती. तिचा आवाज मला आईच्या हाकेसारखा ओळखीचा, आणि आवाजात खोट नव्हती. पंप बेताचा, भार बेताचा, विजेचा दाबही ठीक. मी तळहात ठेवला आणि लगेच काढला. पुन्हा ठेवला, पुन्हा काढला. कोंबडी मान तिरकी करून माझ्याकडे बघत होती, तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले मास्तर बघतात तशी. तिला उत्तर माहीत होतं. मला नव्हतं. परतीच्या गाडीत मी संशयितांना एकेक करून बोलावलं. तांब्याची तार? ती मी स्वतः मोजून घेतो. वेटोळी? ती पीरमहंमदभाई भरतात, आणि त्यांच्या हातचं वेटोळं सुगरणीच्या शेवयांसारखं असतं, कुठे तुटत नाही, कुठे गाठ नाही. बेअरिंग? आवाजच नाही. पहिली नमुना मोटर तर मी स्वतः दिवसभर चालवली होती आणि तिच्यावर डबा ठेवून जेवलो होतो, भाजी गार झाली होती. त्यानंतरच्या मोटरी आम्ही चहा संपेपर्यंत चालवून बघायचो आणि पाठवून द्यायचो. चहा संपेपर्यंत कुठलीच मोटर तापत नाही. चहा निवतो, एवढंच. सगळे निर्दोष सुटले आणि कऱ्हाड येईपर्यंत गाडीत संशयित म्हणून मी एकटाच उरलो. हे मला मान्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तयार मोटरींतली एक उघडली. फिरणारा भाग ओढून बाहेर काढला, बाहेरचं कवच उजेडाकडे धरलं आणि आत डोकावलो. आत मी होतो. माझा चेहरा पट्ट्यापट्ट्यांनी दिसत होता. तारेच्या खाचेची एक काळी रेघ, मग थोडं कपाळ, मग रेघ, मग एक डोळा, मग रेघ. आपल्या मोटरीच्या पोटात आपलं तोंड दिसणं ही डिझाइन करणाऱ्यासाठी चांगली गोष्ट नाही. मोटरीच्या पोटातला गाभा एका ठोकळ्याचा नसतो, पातळ पत्र्यांची ती चळत असते, आणि प्रत्येक पत्र्यावर वार्निशचा पापुद्रा असतो, तो एवढ्यासाठीच की एका पत्र्यातली वीज शेजारच्याकडे जाऊ नये. पत्रे अंगाला अंग लावून उभे राहतात पण एकमेकांशी बोलत नाहीत, आमच्या भावकीसारखे. आतून कुणी कानस फिरवली, वर बारीक पॉलिश कागद मारला, की एका पत्र्याचं लोखंड दुसऱ्यावर सारवलं जातं, सगळे एकमेकांना चिकटतात आणि विजेचे भोवरे सुरू होतात. कॉलेजात असताना कऱ्हाडच्या संगमावर आम्ही संध्याकाळी बसायचो. कृष्णा आणि कोयना तिथे समोरासमोर येऊन भिडतात, आणि त्या भिडण्यात एकदा माझ्या मित्राची चप्पल पडली. ती पुढे गेली नाही, मागे आली नाही, अंधार पडेपर्यंत एका जागी गोल फिरत राहिली. आम्ही तिला नाव ठेवलं होतं, प्राध्यापक. मोटरीच्या पोटात तेच होतं. वीज कुठेही जात नाही, नुसती फिरते आणि तापते. म्हणजे गुन्हा सापडला. आणि गुन्हेगार कोण ते विचारायची गरजच नव्हती, कारण साताऱ्यात लोखंडाला इतकी चमक आणणारा एकच माणूस होता आणि त्याच्याच डब्यातली भाकरी मी दुपारी खाणार होतो.

आमचे आबा, म्हणजे माझे वडील, सयाजी. फौजेतून हवालदार म्हणून आले, पण आमच्या भागात रिटायर झालेला प्रत्येक जवान मेजर असतो. त्यांना नोकरी माझ्यामुळे लागली नाही. नमुना मोटर पास झाल्यानंतर ते मला भेटायला म्हणून कारखान्यात आले, मालकांच्या टेबलावर पितळी पाटी होती, मालक बोलत होते तेवढ्यात आबांनी ती बाहीने पुसायला घेतली. मालकांचं बोलणं संपलं तेव्हा पाटीत त्यांचं तोंड दिसत होतं. त्यांनी तिथेच आबांना शेवटचा हात फिरवायच्या बाकावर बसवलं. जुळणी करताना पत्रे थोडे पुढेमागे बसत, पोटात दाते येत, ते सारखे करायचं काम. आबांनी ते सारखं केलं आणि तिथे थांबले नाहीत. बाकीचा कारखाना वर्षातून एकदा खंडेनवमीला हत्यारं घासायचा, आबांच्या बाकावर रोज खंडेनवमी. गिऱ्हाईक मोटर उघडून बघायचं, आत आरसा दिसायचा, खूश व्हायचं. मालक खूश होते. मीही खूश होतो, आणि मला त्यात काही चूक दिसली नाही याचं कारण असं की चमक ही आमच्या घरात शंका घ्यायची गोष्टच नव्हती. आबा रजेवर येत तेव्हा पिशवी ठेवली की पहिल्यांदा बंब घासत. तांब्याचा बंब. मी लहान होतो, ते कुठल्या तरी सीमेवरून आलेले असत, आईने डोळे पुसून चहा ठेवलेला असे, आणि आम्ही दोघं बंबासमोर उकिडवे बसायचो. ते घासायचे, मी राख द्यायचो. काय रं, कितवीत? असं ते विचारायचे ते बंबातल्या माझ्या तोंडाला, आणि मी उत्तर द्यायचो ते बंबातल्या त्यांच्या तोंडाला. बंबाच्या फुगवट्यामुळे त्यांच्या मिशा दोन्ही कानांच्या मागे जायच्या. आबा म्हटलं की मला आजही त्या मिशा आठवतात. खऱ्या मिशा त्या मानाने बेताच्या आहेत. फौजेच्या बक्कलात, हंड्यात, बुटाच्या टोकावर, आम्ही दोघं एकमेकांना असेच कशात तरी भेटत आलो, आणि आता मोटरीच्या पोटात.

हिशोब सरळ होता. मोटर थंड चालली तर आबांची चमक खोटी, गरम चालली तर माझं गणित खोटं. लालासाहेबांचा तळहात येईपर्यंत घरातला एकच जण खरा राहणार होता. माझ्या मनात जरासुद्धा शंका नव्हती की तो मी. अडचण एवढीच की हे त्या दुसऱ्याला सांगायचं होतं, आणि आबांना त्यांच्या उभ्या आयुष्यात कुणी चमक कमी करा असं म्हटलेलं नव्हतं. शत्रूनेसुद्धा.

मी दुपारी डब्याच्या वेळी विषय काढला. कॉलेजातली भाषा काढून टाकली, भोवरे सांगितले, चप्पल सांगितली, कोंबडी सांगितली. कोंबडीला आबा हसले. मग भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, “घाण तापती, जयवंता. सोच्छ वस्तू तापत न्हाई. रायफलीची नळी घाण र्‍हायली की तापती.” मी म्हणालो, आबा, मोटर रायफल नाही. ते म्हणाले, “त्येच तर. रायफल कवा तापली तर म्या सांगतो तसं क्येलंय सगळ्यांनी. तुजी मोटर तापती आन्‌ तू म्हंतूस घासू नगा.” यात तर्क कुठे होता ते मला सापडेना, पण आवाजात इतकी खात्री होती की मी क्षणभर स्वतःच्या गणितातली चूक शोधायला लागलो. हा बरोबरपणा मला कुणाकडून आला ते तेव्हा कळलं. पीरमहंमदभाई बाजूला चहाचा ग्लास घेऊन उभे होते, ते कुणाच्याच बाजूने बोलले नाहीत, नुसतं बाप-लेकाच्या मधी वार्निश पायजे, असं म्हणून गेले.

मग मला लाइन आठवली. गावी आम्हां पोरांना आबा कवायत शिकवायचे, शाळेच्या मैदानावर, हातात काठी. निकट लाइन म्हणजे रांगा जवळ, खुली लाइन म्हणजे रांगांत अंतर. मी म्हणालो, आबा, या पत्र्यांना खुली लाइन पाहिजे, तुम्ही त्यांना निकट लाइन देताय. आबांचा घास थांबला. ते उठले, हात धुतले, मिशांवरून पाणी फिरवलं आणि डबा खात बसलेल्या सगळ्या माणसांना उभं केलं. का, ते कुणी विचारलं नाही. मेजरांना कुणी का विचारत नसे. माणसं एकामागे एक, पोटाला पाठ लावून उभी. शेवटी पीरमहंमदभाई, ग्लास हातातच. आबांनी मागे जाऊन त्यांना हलकाच धक्का दिला. धक्का माणसामाणसातून पुढे गेला आणि सगळ्यांत पुढचा, गुंडा नावाचा फिटर, भाजीच्या डब्यात गुडघ्यावर बसला. कुणी हसलं नाही. आबांनी त्याला उठवलं, गुडघ्याची भाजी झटकली आणि मैदानातला आवाज काढला, “खुली लाइन चल.” माणसं लांब लांब झाली. आबांनी पुन्हा धक्का दिला. पीरमहंमदभाई हेलपाटले, चहा सांडला, बाकी सगळे जागच्या जागी. आबा त्या सांडलेल्या चहाकडे बराच वेळ बघत राहिले. मला वाटतं, ते मोजत होते, आजवर किती रांगा त्यांनी चिकटवल्या. मग त्यांनी माणसांना रांग मोडायला सांगितलं आणि ते आपल्या बाकाकडे न जाता दारात जाऊन अजिंक्यताऱ्याकडे तोंड करून उभे राहिले.

मी जिंकलो होतो. जिंकल्यावर जे वाटतं असं ऐकलं होतं ते वाटण्याची मी वाट बघत होतो. ते येत नव्हतं. पाठमोऱ्या आबांचे हात दिसत होते. ते हात मी असे कधी बघितले नव्हते, नुसते, खाली सोडलेले, चिंधी नाही, कागद नाही. तंबाखू खाणाऱ्या माणसाच्या हातून तंबाखूची पिशवी काढून घेतल्यावर बोटं आपोआप चिमूट करतात तशी त्यांची बोटं हवेत गोल फिरत होती. संध्याकाळी घरी त्यांनी बंबाकडे बघितलंसुद्धा नाही. आईने मला विचारलं, काय म्हणालास त्यांना? मी म्हणालो, खरं बोललो. ती म्हणाली, त्येला काय अक्कल लागती व्हय. ही मला त्या महिन्यात मिळालेली दुसरी स्तुती.

पण आबा फौजी होते आणि फौजी माणूस जास्त दिवस दारात उभा राहत नाही. एका सकाळी मी आलो तर त्यांचा बाक रिकामा, आणि आबा पत्र्यांच्या जुळणीवर. त्यांनी एक दांडा घेतला होता, प्रत्येक पत्रा त्यात ओवायचा, खाच खाचेवर आली की नखाने तपासायचं, मग पुढचा. ओठांत रांग सरळ करायचा कवायतीतला हुकूम चालू होता, “दाहिने सज... दाहिने सज...” मी जवळ गेलो तर म्हणाले, रांग आधीच सरळ लावली की मागनं मारामारी करावी लागत न्हाई. हे मला कुठल्याही प्राध्यापकाने सांगितलं नव्हतं, चपलेनेसुद्धा. त्यांनी पत्रे कापणाऱ्या दाबयंत्राची बोथट झालेली धारही मालकांच्या मागे लागून लावून घेतली, म्हणजे पत्र्याला कंगोराच राहू नये. त्या जुळणीची पहिली मोटर आतून राखाडी, मंद, उन्हाळ्यातल्या म्हशीसारखी. आबांनी ती एकदा बघितली आणि मान वळवली. दाढी न करता पोराला बोहल्यावर पाठवावं तसं त्यांना झालं असणार.

लालासाहेब ठरल्या दिवशी आले, कंदी पेढे खाल्ले, खुर्चीत बसले आणि झोपले. मोटर दिवसभर चालली. मी एका बाजूला उभा, आबा दुसऱ्या बाजूला, सावधानमध्ये. दिवसभर माझ्या डोक्यात काहीच नव्हतं असं नाही. दुपारी मला एकदा स्पष्ट वाटलं की मोटर तापावी. म्हणजे फार नाही, आबांच्या पुरती. हा विचार इंजिनियरचा नव्हता आणि तो माझ्या मनात कुठल्या वाटेने शिरला ते मला कळलं नाही, पण तो आल्यावर मी घाबरून हात लावून बघितला. गार. मला माझा अभिमान वाटला आणि दुःखही झालं, दोन्ही एकाच तळहाताला. संध्याकाळी लालासाहेब जागे झाले, बाही सावरून त्यांनी हात ठेवला, ठेवून थोडा वेळ सांगलीतल्या हळदीच्या भावावर बोलले, हात तिथेच. शेवटी म्हणाले, झालं. मालकांनी पुन्हा पेढे आणले. सगळे ऑफिसात गेले तेव्हा आबा पुढे झाले आणि त्यांनी आपला तळहात मोटरीवर ठेवला, लहानपणी माझ्या कपाळावर ठेवत तसा. बराच वेळ ठेवला. “गार हाय,” ते म्हणाले. आणि ते मोटरीकडे न बघता, कशातही न बघता, सरळ माझ्याकडे बघून म्हणाले. मी मान खाली घातली. सवय नव्हती.

आता खरं तर इथे सगळं संपायला हवं होतं, पण मी बरोबर असल्यामुळे मला थांबता येत नव्हतं. मी तात्याबांना नवी थंड मोटर फुकट बदलून पाठवली आणि त्यांची जुनी आणून, करवतीने कापून, तिचे तुकडे भिंतीवर टांगले, पुढच्या पिढ्यांना धडा म्हणून. थंडी पडली तशी एके दिवशी दुपारी कारखान्याच्या दारात तात्याबा उभे. डोक्यावर पागोटं, काखेत पाटी, पाटीत कोंबडी. पलूसपासून एस.टी.तून आणलेली. त्यांनी ती माझ्या ड्रॉइंगच्या टेबलावर ठेवली. वीजबिल कमी झालं, पाणी जास्त येतं, हे त्यांनी एका दमात मान्य केलं, जणू ते विरुद्ध पक्षाचं म्हणणं होतं. मग म्हणाले, “पर ही बसंना झालीय, सायब. येकदा बसली, उठली, ती उठलीच. मनुबाई जेवाय वाढंना. मला माजी मोटर द्या.” मी त्यांना तोट्याची टक्केवारी सांगितली. तात्याबांनी कोंबडीकडे बघितलं. कोंबडीने माझ्याकडे बघितलं, तशीच, मान तिरकी करून. मी भिंतीवरचे तुकडे दाखवले. तात्याबांनी पागोटं काढलं, मयताला काढतात तसं. आणि एका चकचकीत तुकड्यावर बोट ठेवून विचारलं, “हिच्यावर कुणाचा हात फिरला हुता?”

मी जुळणीकडे बोट केलं. आबा दांड्यात पत्रे ओवत होते, त्यांना सगळं ऐकू गेलं होतं हे त्यांच्या मिशांवरून कळत होतं. त्यांनी हातातला पत्रा रांगेत बसवला, नखाने तपासला, मगच उठले. माझ्याकडे त्यांनी परवानगी मागितली नाही, पण माझ्यासमोरून जाताना किंचित थांबले. मी म्हणालो, एकच. ते म्हणाले, येकच रं. मग त्यांनी बाकाच्या खणातून चिंधी काढली, पॉलिश कागद काढला. मागचे इतके दिवस ते खणात होते आणि आम्ही दोघांनीही खण उघडून बघितला नव्हता.

ती मोटर त्यांनी सावकाश केली. तात्याबा शेजारी उकिडवे बसून बघत होते, पीरमहंमदभाईंनी कोंबडीला चहात बुडवून पाव दिला. झाल्यावर आबांनी कवच उजेडाकडे धरलं आणि मला हाक मारली. मी जवळ जाऊन डोकावलो. आत पट्ट्यापट्ट्यांत आम्ही दोघं होतो, काळी रेघ, आबांची अर्धी मिशी, रेघ, माझा एक डोळा, रेघ, आबांचं कपाळ, आणि कुठला तुकडा कुणाचा ते काही ठिकाणी सांगता येत नव्हतं. “जेवलास का?” त्यांनी आतल्या माझ्या तोंडाला विचारलं. मी आतल्या त्यांच्या तोंडाला हो म्हणालो.

मोटर जोडून मी स्वतः चालवली, चहा संपेपर्यंत नाही, चांगली दुपारभर. मग तळहात ठेवला. टिकला नाही. मी तिला पास केलं.